राक्षसाची साप्ताहिक सुट्टी

९ जानेवारी २०२५, गुरुवार. वरठी

ही डायरी माझ्या मोठ्या भावाच्या, जीवनदादाच्या कारखान्याची. प्रत्येक पानाच्या तळाला सुरक्षेची एक सूचना छापलेली आहे. आजची: 'आलात तसे घरी जा, दहाही बोटांसह.' दादा म्हणाला, राग आला की यात लिहायचं, आणि लिहूनही उरला तरच घराबाहेर पडायचं. म्हणून बसलो आहे. उरणार, हे मला आताच माहीत आहे.

मी संघपाल. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला होतो, आता नाही. कँटीनमध्ये एका पोरानं आमच्या कॉलेजातल्या रश्मीच्या वहीवर चहा सांडला आणि वरून हसला. मी त्याच्या डोक्यावर तर्रीपोह्याची प्लेट ठेवली. जरा जोरात ठेवली. तीन टाके पडले. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, आधी त्याला रश्मीची मागायला लावा. शेवटी मीच कॉलेज सोडलं.

त्यानंतर रश्मी माझ्याशी एकदाच बोलली. म्हणाली, "तू माह्या मागं येऊ नोको. मले भेव लागते."

कोणाचं भेव, ते तिनं सांगितलं नाही. तेच शोधून काढायचं आहे. सापडला की सोडणार नाही.

१३ जानेवारी, सोमवार

रश्मी नदीपलीकडच्या कारध्याहून दहाच्या बसनं भंडाऱ्याला कॉम्प्युटर क्लासला जाते. साडेदहाचा क्लास. मी रोज वैनगंगेच्या पुलाच्या भंडाऱ्याकडच्या टोकाला उभा असतो. बोलत नाही, नुसता उभा असतो, संरक्षण म्हणून. आज सलग आठवा दिवस, ती बसमध्ये नव्हती. घरच्यांनी कोंडून ठेवलं असणार.

त्यात पानठेलेवाल्यानं खबर दिली की तिला पाहायला नागपूरकडचे पाहुणे येऊन गेले. रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं: ज्या दिवशी तो नवरदेव वैनगंगेचा पूल ओलांडेल, त्या दिवशी त्याचे दोन्ही गुडघे माझे. आई वाढता वाढता थांबली. बाबांनी चष्मा काढून पुसला. दादानं फक्त विचारलं, तारीख ठरली का. दादाला तारखेत काय रस, कळलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

आज आयुष्य बदललं.

दादा दुसऱ्या पाळीला जायच्या आधी माझ्या खाटेवर येऊन बसला आणि हळूच म्हणाला की सानगडीला सेवकराममामाच्या शेतात राक्षस निघाला आहे.

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण आम्ही दोघं 'शंभर राक्षस, दोन भाऊ' बघत मोठे झालो. ही मालिका अजून दुपारी दीडला पुन्हा लागते. मोठा धैर्यशील, लहाना शौर्यशील, दोघं जीप घेऊन गावोगावी राक्षस मारतात. त्यांचा पहिला नियम आहे: भावाशी खोटं बोलायचं नाही. आणि दर चौथ्या भागात धैर्यशील तोच मोडतो, 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून. शौर्यशील जाहिराती संपेपर्यंत माफ करतो. मी असतो तर केलं नसतं.

लहानपणी आम्ही गच्चीवर हेच खेळायचो. राक्षस नेहमी दादाच व्हायचा, कारण मला राक्षस व्हायचं म्हटलं की रडू यायचं.

बाबा रिटायर्ड मास्तर. आमच्या घरात भूत या शब्दाला बंदी आहे. आजोबांनी छप्पन साली देव आणि भुतं एकाच दिवशी सोडली, ती परत घेतलेली नाहीत. म्हणून मी भीत भीत सांगितलं की राक्षस म्हणजे भूत नव्हे, प्राणी आहे. बाबांनी दादाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, असंल. शास्त्रीय नोंदी ठेव. मी चकित झालो. म्हातारपणी माणूस मोकळा होतो.

१६ जानेवारी, गुरुवार. सानगडी

पाहिला.

मामाचं शेत तलावाला लागून आहे. धान निघाला, आता बांध्यांत गुडघ्याएवढं लाखोळीच्या डाळीचं पीक उभं आहे. गुरुवारी दादाची साप्ताहिक सुट्टी, म्हणून तोच मला मोटरसायकलनं घेऊन आला. ठरलं असं की मी बांधावर दबा धरायचा आणि दादानं तलावाला वळसा घालून पलीकडून राक्षसाला माझ्याकडे हाकायचं. पावणेतीनला दादा गेला. तीनला राक्षस आला. भर उन्हात.

नोंद: उंची सहा फूट. अंगभर धानाच्या तणसीसारखे केस, वाळलेले, पिवळे. डोकं गोल, कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखं विणलेलं. चाल फेंगडी. आवाज खोकल्यासारखा.

मी तीन ढेकळं मारली, दोन लागली. तो तणसीच्या ढिगामागे गेला आणि गायब. दहा मिनिटांनी दादा उलट बाजूनं धापा टाकत आला. एवढा पळूनही त्याला काहीच दिसलं नाही. बिचाऱ्याचं नशीबच तसं आहे.

रात्री मामाला सगळं सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि त्याचे खांदे हलत होते. मामा हळवा आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

काल राक्षस परत आला. मी तक्ता केला. दादा ड्यूटीला परत गेला तरी मी इथंच राहिलो, सोमवार, मंगळवार, बुधवार रोज नऊ तास बांधावर बसलो, काही नाही. १६ ला आला, २३ ला आला. दोन्ही गुरुवार.

निष्कर्ष: राक्षसाला दादाची सुट्टी माहीत आहे. म्हणजे तो शेताच्या नाही, दादाच्या मागावर आहे. मी फोन करून दादाला सावध केलं. तो फोन बाजूला धरून खोकला. मग गंभीरपणे म्हणाला की यापुढं ड्यूटीचा चार्ट कोणाला दाखवणार नाही.

दुसरी नोंद: मामीचे चार रिकामे बारदाने आणि कोंबड्यांचं डालगं गायब आहे. म्हणजे हा राक्षस कोंबड्या नेत नाही, डालगं नेतो. मामी शोधतही नाही. कोंबड्या उघड्यावर झोपतात आणि ती म्हणते, झोपू दे. भीतीनं माणूस असा सुन्न होतो. बाबांना कळवलं. त्यांचा मेसेज आला: निरीक्षण चालू ठेवणे.

रश्मीला रोज एक मेसेज टाकतो, इथला सगळा वृत्तांत. एकच टिक येते. फोन काढून घेतला असणार तिचा.

३० जानेवारी, गुरुवार

आज राक्षसानं माझा जीव वाचवला. 

बांबू घेऊन मी त्याच्या मागे धावलो. तो पुढं, मी मागं. मामाच्या शेताच्या कोपऱ्यात जुनी विहीर आहे, कठडा नसलेली, वर झुडपं वाढलेली. मला माहीत नव्हती. मी तिकडून आडवा जायला गेलो, तर राक्षस गर्रकन वळला आणि ओरडला, "थांब बे, पुढं विहीर हाय."

मी थांबलो. चार पावलं उरली होती. तोवर तो निघून गेला.

नोंद: राक्षसाला मराठी येतं. बोली आपल्याकडची.

दादा आला तेव्हा मी त्याला साफ सांगितलं की ज्यानं जीव वाचवला त्याला मी मारणार नाही, मालिकेत काही का होईना. दादा तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. त्याच्या केसांत तणीस अडकली होती. म्हणाला, नको मारू, पण लक्ष ठेव, इथून हलू नकोस. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यानं माझ्या बारावीच्या निकालानंतर ठेवला नव्हता.

९ फेब्रुवारी, रविवार

घोटाळा झाला. माझा तक्ता फसला. राक्षस रविवारी आला.

सकाळी भंडाऱ्याच्या एका मित्राचा मेसेज होता, 'कारध्यात आज काहीतरी आहे, स्टेटस बघ.' मला रेंज नव्हती. दहाच्या बसनं जायचं ठरवलं. तेवढ्यात दादा दारात. म्हणे, सुट्टी टाकून आलो, राक्षसाचा काही भरोसा नाही. आणि खरंच, तो तलावाला वळसा घालायला गेला आणि अर्ध्या तासात राक्षस. यावेळी तो सरळ बांधावर आला, माझा मोबाईल उचलला, कव्हर काढलं, कव्हरमधलं आधार कार्ड काढून दगडाखाली दाबून ठेवलं आणि मोबाईल तलावात फेकला.

त्याला माझ्या मोबाईलशी काय देणंघेणं? आणि आधार कार्डाची किंमत त्याला कोणी शिकवली?

बस गेली. दुसरी बस चारला होती, पण दादा म्हणाला की अशा वेळी भावानं भावाला एकटं सोडू नये. थांबलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपार गेली. राक्षस आला नाही. दादा आला होता, पण अंग दुखतं म्हणून निजून राहिला.  पुरावे मांडतो.

एक. राक्षस दिसतो तेव्हा दादा कधीच सोबत नसतो.
दोन. दादाच्या मानेवर, हातांवर लाल पुरळ.
तीन. राक्षसाचे पाय चिखलात उमटले आहेत. टाचेला चौकोनी नक्षी. दादाच्या कारखान्याच्या बुटांना तीच.
चार. मी मारलेलं ढेकूळ राक्षसाच्या डाव्या मांडीला लागलं, आणि दादा डावा पाय ओढत चालतो.
पाच. दादा निजून राहिला त्या दिवशी राक्षसही आला नाही.

यातून एकच गोष्ट निघते आणि ती लिहायला मन घेत नाही. सत्त्याऐंशीव्या भागात धैर्यशीलला राक्षसाचं नख लागतं आणि तो हळूहळू स्वतःच राक्षस होतो. दिवसा माणूस, वेळ आली की राक्षस. त्याला स्वतःला ते माहीत नसतं.

माझा दादा राक्षस होतो आहे.

निघताना त्यानं विचारलं, "माह्यावर भरोसा हाय ना तुहा?" मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा दादाशी खोटं बोललो. आजची सूचना: 'शंका आल्यास यंत्र बंद करा.'

२० फेब्रुवारी, गुरुवार

साकोलीच्या दवाखान्यातून परत आलो. सगळं क्रमानं लिहितो.

मालिकेत कसोटी अशी असते की राक्षसाला असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर फक्त भावाला माहीत आहे. आत भाऊ शिल्लक असेल तर तो उत्तर देतो. तीनला तो आला. मी बांबू धरून समोर उभा राहिलो आणि विचारलं, मी चौथीत असताना गच्चीवरून पडलो, पाय मोडला, तो कोणामुळे?

राक्षसानं आधी पाठ खाजवली. मग डालग्यासारख्या डोक्यातून दादाचा आवाज आला, "तूच उडी मारली होती. मी नाई म्हनत होतो."

आता हे साफ खोटं आहे. त्यानंच म्हटलं होतं, मार उडी, मी झेलतो. दहा वर्षं आमचं यावरून भांडण आहे. माझं डोकं सणकलं. राक्षस म्हणून मी त्याला मारलं नसतं, आज लिहून देतो. मी त्याला त्या उत्तरासाठी मारलं. बांबू खांद्यावर बसला आणि कट असा आवाज आला.

"अबे संघ्या, हाड गेलं," राक्षस म्हणाला आणि लाखोळीत बसला.

तसाच, तणसीसकट, मोटरसायकलवर मागं बसवून नेला. रस्त्यातल्या बैलांनी वाट सोडली. दवाखान्यात गळपट्टीचं हाड मोडलं म्हणाले, सहा आठवडे हात गळ्यात. डॉक्टरांनी कारण विचारलं. दादा म्हणाला, ढिगावरून पडलो. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, बाकीची हाडं माणसासारखीच आहेत ना? त्यांनी माझी नाडी तपासली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मामीनं सांगितलं. मी दादाच्या उशाशी बांबू घेऊन पहारा देत होतो, तो पुन्हा पालटला तर म्हणून. मामी भात घेऊन आली, मला पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "पुरे करा आता, बाबू. तो बारदाना मीच शिवला. माह्या कोंबड्यायचं डालगं देऊन टाका."

मामाला माहीत होतं. आईला, बाबांना माहीत होतं. सगळ्यांना.

मी किती बोललो ते लिहीत नाही, वही फाटेल. पहिल्या नियमाची आठवण दिली. त्याच्या हाडाबद्दल मला जे वाईट वाटत होतं तेही परत घेतलं.  मी थांबल्यावर दादा बोलला.

"रश्मी कारखान्याच्या गेटवर आली होती, बापाले घेऊन. दोन मार्चले लग्न हाय तिचं. नऊले साखरपुडा होता. मले म्हने, भाऊ, तो येईन का? मी म्हनलं, नाई येनार. शब्द देल्ला."

मी म्हटलं, तिला माझ्यापासून कोण तोडतं आहे, ते बघ आधी. तिला कोंडून ठेवलं, बस बंद केली.

"बस बंद नाई केली. ती सातच्या बसनं जाते. क्लास साडेदहाले उघडते. तोवर तिथं पायऱ्यायवर बसून राहते, एकटी. थंडीत. तू दहाले पुलावर असते म्हनून."

  भेव कोणाचं, हे विचारायची गरज राहिली नव्हती.

२३ फेब्रुवारी, रविवार

सूचना: 'अपघातानंतर जागा सोडू नका.'

२६ फेब्रुवारी, बुधवार

पाच दिवस दादाशी बोललो नाही. त्याला एका हातानं शर्ट घालता येत नाही, मी घालतो, पण बोलत नाही.

सातची बस. भंडाऱ्याला साडेसात धरा. तीन तास. मी मोजतो आहे की मी किती दिवस पुलावर उभा होतो. नोव्हेंबरपासून. दर वेळी आकडा वाढत जातो आणि मी मध्येच मोजणं सोडतो.

आज शेवटी विचारलं, राक्षसच काहून? नुसतं सांगितलं असतं, की तिला तू नको आहेस. दादा म्हणाला, ती सांगून बसली होती तुले. तू आयकलं?  मग म्हणाला की मला एका जागी बसवून ठेवेल असं जगात एकच काम होतं, आणि त्याला ते लहानपणापासून जमत होतं.

तरी खोटं ते खोटंच. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, हो. वाद घालत नाही हा माणूस, याचाच राग येतो.

१ मार्च, शनिवार

संध्याकाळी दादानं मोटरसायकलची चाबी माझ्या समोर खुंटीला अडकवली.

"उद्या मी तुले अडवू शकत नाई," म्हणाला. "हात एक हाय. आन् खोटं बोलनं मले आता जमनार नाई. सव्वाबाराले लग्न हाय. चाबी इथं हाय."

मामा म्हणाला, अरे जीवन, लपव ती. दादानं नाही लपवली.

२ मार्च, रविवार

नऊला चाबी घेतली. दादा ओट्यावर बसला होता, त्यानं मान वर केली नाही. गोठ्यातून मोटरसायकल काढली, किक मारली, चालू झाली. कारधा दीड तास. सव्वाबाराच्या आत आरामात.

गोठ्याच्या भिंतीला बारदाना टांगलेला होता, तणीस लावलेला, आणि वर डालगं. उजव्या खांद्यावर फाटलेला. मामीनं अजून उसवला नव्हता. मी बराच वेळ पाहत राहिलो, इंजिन चालू ठेवून. मग बंद केलं.

अकराला मी तो घालून लाखोळीत जाऊन बसलो.

आतून भयंकर खाजतं. डालग्यातून सगळं बारीक चौकोनांत दिसतं आणि स्वतःचाच श्वास कानात येतो. दादानं हे उन्हात कसं सहन केलं, देव जाणे. नाही, बाबा रागावतील, कोणीच जाणत नाही. थोड्या वेळानं दादा आला. हात गळ्यात, दुसऱ्या हातात माझाच बांबू. त्यानं मला पाहिलं.  बांधावर बसला, बांबू मांडीवर आडवा घेऊन, आणि पहारा देऊ लागला.

मला वाटलं होतं, सव्वाबाराला छातीत काहीतरी फुटेल. मला सव्वाबारा कधी झाले तेच कळलं नाही. मामाच्या घरातून मालिकेचं संगीत ऐकू आलं, म्हणजे दीड. लग्न लागून सव्वा तास झाला होता आणि मी पाठ खाजवत होतो.

तेव्हाच दादाचा फोन वाजला. तिकडून रश्मीचे वडील असावेत, कारण दादा उठून उभा राहिला. म्हणाला, "जय भीम, काका. नाई नाई, इथंच हाय. माह्या समोर बसला हाय." थोडं ऐकलं. "तिले सांगा, बिनधास्त जेव म्हना."

फोन ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "झालं लग्न. उठतं का आता?"

मी डालग्यातून म्हटलं, "त्यायची गाडी पूल ओलांडू दे."

दादा परत खाली बसला.